अभ्याचं जहाज फुटलं त्या रात्री

२०२१ च्या दिवाळीत भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. ताई गडहिंग्लजहून माहेरपणाला आलेली, सोबत अभ्या, माझा भाचा, तेव्हा नववीत. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात माडीवर माझा कॉम्प्युटर आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. खाली सगळी निजली होती आणि हा कानाला हेडफोन लावून, चिवड्याचा डबा मांडीत घेऊन, कृत्तिकांकडून परत येत होता.

कृत्तिका म्हणजे आपल्याला हिवाळ्यात डोक्यावर दिसतात त्याच. एलिट डेंजरस या खेळात आपली आकाशगंगा खऱ्या मापाने मांडलेली आहे, ४०० अब्जांच्या आसपास तारे, आणि ज्या ताऱ्यांची माहिती शास्त्रज्ञांकडे आहे ते बरेचसे आपापल्या जागी. कृत्तिकांमध्ये माया नावाचा तारा आहे. खेळात तिथल्या स्थानकावर मेटा-अलॉय नावाचा माल मिळतो. तो एक टन विकत घ्यायचा, शेकडो प्रकाशवर्षं परत यायचं, आणि डेसिएट नावाच्या ताऱ्यापाशी फेलिसिटी फारसीर नावाची इंजिनिअर बाई बसते तिला नेऊन द्यायचा. मग ती तुमच्या जहाजाच्या उडीचं इंजिन सुधारून देते. ज्याला लांब जायचंय तो बहुधा या बाईंच्या दारात जातोच.

अभ्या नुसता मायाला जाऊन आला नव्हता. वाट वाकडी करून चार हजार प्रकाशवर्षं भटकून आला होता. तीन आठवडे, शाळेचे ऑनलाइन तास संपले की रोज थोडं थोडं. अकरा तारे असे सापडले होते की तिथे त्याच्या आधी कोणी गेलेलंच नव्हतं. या खेळात कोणी न पाहिलेला ग्रह सापडला आणि त्याची माहिती स्थानकावर नेऊन विकली, की त्या ग्रहावर शोधणारा म्हणून तुमचं नाव कायमचं लागतं. विकेपर्यंत मात्र ती माहिती जहाजातच असते. जहाज गेलं की तीही गेली. अभ्याने ती वाटेत कुठे विकली नव्हती, कारण फारसीरबाईंकडेच विकली तर त्यांची मर्जी वाढते असं त्याने वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. अकरा ताऱ्यांची नावं त्याने बीजगणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. आकडे आणि अक्षरांची लांबलचक नावं. त्यातल्या दोघांपुढे चांदणी काढलेली, कारण तिथे पाणी असलेले ग्रह होते.

डेसिएटला पोचला आणि तळ अजून मिनिटभर लांब असताना त्याचं जहाज गदागदा हललं. कोणीतरी त्याला इंटरडिक्ट करत होतं, म्हणजे वेगातून ओढून खाली पाडत होतं. अभ्याला काय करायचं ते माहीत नव्हतं. मी खाटेवरून उठून त्याच्या मागे जाईपर्यंत समोर एक फेर-डी-लान्स उभं होतं, लढाईसाठीच बांधलेलं जहाज, आणि अभ्याचं डायमंडबॅक एक्सप्लोरर म्हणजे लांब उडी मारायला हलकं केलेलं, ढाल असून नसल्यासारखी. सात-आठ सेकंद लागले. काच तडकली, मग पडदा काळा झाला. मग विम्याचा पडदा आला: जहाजाच्या किमतीच्या ५ टक्के भरा, तसंच जहाज परत घ्या. माल नाही, माहिती नाही.

त्या माणसाने एक अक्षर लिहिलं नाही. आधीही नाही, नंतरही नाही.

अभ्या रडला नाही. हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले आणि मला विचारलं, "मामा, त्याला काय मिळालं?"

मी म्हटलं, काही नाही. खरंच काही मिळत नाही. मेटा-अलॉय जहाजाबरोबर फुटलं. माहिती दुसऱ्याला चोरता येत नाही. उलट खून केला म्हणून त्याच्या जहाजावर थोडं बक्षीस लागलं असेल आणि बदनामीचा आकडा एकाने वाढला असेल. २०१८ च्या सुरुवातीला एलिट बनवणाऱ्या फ्रंटियर या कंपनीने ही व्यवस्था आणली, खुनाचा डाग जहाजाला चिकटतो आणि जितके खून जास्त तितकी दंडाची रक्कम फुगत जाते. पण डेसिएटला बसणाऱ्याकडे अब्जावधी क्रेडिट असतात. दंड भरून तो परत येतो.

"मग कशाला मारलं?" अभ्या म्हणाला. मी त्याला झोपायला पाठवलं. हा प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता. त्याबद्दल पुढे लिहितो.

ज्यांनी हे खेळ खेळलेले नाहीत ते म्हणतील, मारामारीचा खेळ आहे, मेलं तर मेलं. एलिटमध्ये तर सोय आहे: सोलो लावा, एकटे खेळा, प्रायव्हेट ग्रुप लावा, ओळखीच्यांत खेळा, ओपन लावलं म्हणजे जगातला कोणीही समोर येणार हे मान्य केलं. हे मला पटतं. मी स्वतः ओपनमध्ये खेळतो. ओपनमध्ये चाचे आहेत आणि मला चांगला चाचा आवडतो. तो तुम्हाला थांबवतो, कार्गोत काय आहे ते स्कॅन करतो आणि लिहितो, दहा टन टाक आणि नीघ. नाही टाकलं तर लिंपेट, म्हणजे छोटं यंत्र, सोडून कार्गोचं दार फोडतो. त्याला माल हवा असतो. माल दिलात की तुम्ही जिवंत घरी जाता, आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना सांगायला गोष्ट होते. एकदा एकाने माझ्याकडून बारा टन पॅलेडियम घेतलं आणि जाताना लिहिलं, ढाल चांगली लाव, पुढचा माझ्यासारखा नसेल. त्या माणसाचा मला कधीही राग आला नाही.

डेसिएटला जे चालतं त्याला इंग्रजीत ग्रीफिंग म्हणतात. शब्दाचा उगम दुःखातच आहे, समोरच्याला दुःख देणं हाच उद्योग. आपल्याकडे याला शब्द शोधावा लागत नाही. जिरवणे. "त्याची जिरवली." का जिरवली, त्याने काय केलं होतं, तुला त्यातून काय आलं, हे कोणी विचारत नाही, जिरवली एवढं पुरतं. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला जिरवाजिरवी समजावून सांगावी लागत नाही. सोसायटीच्या निवडणुकीपासून गल्लीतल्या पार्किंगपर्यंत ती आम्ही बघत आलोय.

पण कोल्हापुरात मी दुसरीही एक गोष्ट शिकलो, आणि त्या रात्री मला झोप आली नाही ती तिच्यामुळे.

आमचे आबा, म्हणजे आजोबा, तालमीतले. मीही दहावीपर्यंत तालमीत जात होतो. पैलवान होणार नव्हतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण घरातल्या पोराने लाल माती अंगाला लावायचीच असा आबांचा दंडक. मी तेरा वर्षांचा असताना एक नवीन पोरगा आला, राधानगरीकडचा, काडी पैलवान. पहिल्या आठवड्यात मी त्याला रोज धरायचो आणि रोज पाडायचो. दिवसातून आठ-आठ वेळा. त्याला मोळी बांधायची आणि मातीत तोंड घासायचं. बाकीची पोरं हसायची. चौथ्या दिवशी वस्तादांनी बघितलं. ओरडले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही तुझी जोड हाय का रं?" मी गप्प. "जोड नसताना धरलास तर त्याला कुस्ती म्हणत न्हाईत." आणि महिनाभर त्याला मी शिकवायचं अशी शिक्षा दिली. जोर, बैठका, पकड, पडायचं कसं, सगळं.

जोड हा शब्द कुस्तीबाहेर फारसा वापरत नाहीत, पण सगळी कुस्ती त्यावर उभी आहे. गावच्या जत्रेत बघा. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत चढत शेवटची मानाची. पंच हात धरून दोघांना शेजारी उभं करतात, वजन, उंची, तयारी नजरेने मापतात, आणि जोड बसत नसेल तर लावत नाहीत. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत १९१२ पासून हजारो कुस्त्या झाल्या असतील, त्यात खुन्नस होती, इनाम होतं, गावागावांचं वैर होतं. तरी आधी सलामी झाली आणि जोड कोणीतरी लावली. पेठांच्या फुटबॉलमध्येही तेच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, गॅलरीत डोकी फुटायची पाळी आली तरी मैदानात अकरा विरुद्ध अकराच असतात.

अंतराळाच्या खेळात जोड लावणारं कोणी नाही. ४०० अब्ज ताऱ्यांत कोण कोणाला कुठे गाठेल याला बंधन नाही, आणि तीच या खेळांची मजा आहे, हे मी अगदी मनापासून म्हणतो. मला पंच नकोत. पण पंच नाहीत म्हटल्यावर जोड बघायची जबाबदारी बलवान असलेल्यावर येते. दुसऱ्या कुणावर येऊच शकत नाही, कारण दुबळ्याला तर आपण कशात सापडलो तेच कळलेलं नसतं.

एक अनुभव सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. २०१९ च्या उन्हाळ्यात माझी एका स्लोव्हाकियाच्या माणसाशी गाठ पडली. दोघंही लढाऊ जहाजात, दोघांनी शस्त्रं बाहेर काढून थोडं थांबून एकमेकांना ओ-सेव्हन लिहिलं. ही या खेळातली सलामी: इंग्रजी ओ म्हणजे डोकं, इंग्रजी सात म्हणजे कपाळाला लावलेला हात. सहा मिनिटं लढत होतो. त्याची ढाल उतरलेली, माझी अर्धी, आणि आमच्या पेठेतली लाईट गेली.

एलिटमध्ये लढाई सोडून जायचा नियम पक्का आहे. मेनूतून बाहेर पडायचं, १५ सेकंदांची उलटी मोजणी होते, तेवढ्यात समोरच्याने मारलं तर मेलात, नाहीतर सुटलात. पण वायर ओढली किंवा खेळ बळजबरीने बंद केला तर त्याला कॉम्बॅट लॉगिंग म्हणतात आणि ती फसवणूक धरली जाते. खेळाडूंचे कॉम्प्युटर थेट एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे एकाचा बंद पडला की त्याचं जहाज दुसऱ्यापुढून नाहीसं होतं. मी त्याच्यापुढून नाहीसा झालो. तासाभराने लाईट आली तेव्हा त्याचा निरोप होता, अगदी शिवी नाही, पण पळपुटा म्हटलं होतं. मी लिहिलं, आमच्याकडे वीज गेली, मी कोल्हापूर नावाच्या गावात राहतो, उन्हाळ्यात असं होतं, तू म्हणशील तिथे परत येतो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. त्याला काही कारण नव्हतं विश्वास ठेवायचं. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही त्याच ताऱ्यापाशी, तीच जहाजं घेऊन, पुन्हा सलामीपासून सुरू केलं. मी हरलो. आणि पुढच्या महिन्यात मी इन्व्हर्टर घेतला, तो या एका लढाईमुळे. ती लढाई अजून मला आठवते, माझं जहाज फुटलं असूनही.

आता ते राहिलेलं.

२०१२ मध्ये मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला लागलो. पहिली पाळी सात ते साडेतीन. घरी येऊन वाळूचा वास अंगावरून घालवून बसेपर्यंत साडेचार, आणि नेमका तेव्हा ईव्ह ऑनलाइनचा सर्व्हर रोजच्या साफसफाईसाठी बंद व्हायचा, कारण आइसलंडच्या घड्याळात तेव्हा सकाळचे अकरा. रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने २००३ मध्ये काढलेला हा खेळ. चीन सोडून सगळ्या जगाचे खेळाडू एकाच विश्वात, एकच सर्व्हर, ट्रँक्विलिटी. चहा घेत सर्व्हर सुरू व्हायची वाट बघायची हा माझा तेव्हाचा दिनक्रम होता.

ईव्हमध्ये प्रत्येक ताऱ्याला सुरक्षेचा आकडा असतो. १.० ते ०.५ म्हणजे पोलिसांचा इलाखा, त्याखाली कमी सुरक्षा, शून्य आणि खाली म्हणजे जंगल. नवख्याला वाटतं की ०.५ च्या वर आपण सुरक्षित. तसं नाही. काँकॉर्ड नावाचे पोलीस तुम्हाला वाचवत नाहीत, मारणाऱ्याला शिक्षा करतात. ०.५ मध्ये त्यांना यायला वीसेक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात कॅटलिस्ट नावाची स्वस्तातली पाच-सात लढाऊ जहाजं घेऊन कोणाचंही खाणकामाचं जहाज फोडता येतं. मग पोलीस येऊन आपल्या सातही कॅटलिस्ट फोडतात, आणि आपण १५ मिनिटं थांबून नव्या घेतो. याला सुइसाइड गँकिंग म्हणतात. २०११ च्या शेवटी कंपनीने पोलिसांनी फोडलेल्या जहाजाचा विमा बंद केला, तरी ते थांबलं नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये तर जिता या सगळ्यात मोठ्या बाजारपेठेचा ताराच जाळायची मोहीम निघाली, शेकडो लोक, जाणारी येणारी मालवाहू जहाजं फोडत होते. मी एका कोपऱ्यात उभा राहून बघत होतो आणि मला ते भव्य वाटलं. आजही वाटतं. त्यात बाजार होता, राजकारण होतं, कित्येक दिवस आधी जाहीर केलेलं होतं. ज्याला सावध व्हायचं तो झाला.

मी २०१३ मध्ये चार महिने अशाच एका टोळीत होतो. माझं काम हेराचं. फुकटातलं छोटं जहाज घेऊन लघुग्रहांच्या पट्ट्यात हिंडायचं, रिट्रीव्हर घेऊन एकटा खणत बसलेला कोणी दिसला की त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं, बाकीचे माझ्यावर उडी घेऊन यायचे. सुरुवातीला आम्ही फुटलेल्या जहाजातलं सामान उचलायचो. नंतर तेही करेनासे झालो. कारण आमच्यात दुसऱ्याच वस्तूची किंमत वाढली होती. तिला टियर्स म्हणायचे. अश्रू. मेलेला खाणवाला लोकल चॅटमध्ये काय लिहितो, ते जमा करायचं. ज्याने जास्त लिहिलं, जास्त कळवळून लिहिलं, त्याचा मजकूर टोळीच्या पानावर चिकटवायचा आणि सगळ्यांनी हसायचं.

एका शनिवारी रात्री आम्ही एका माणसाचं रिट्रीव्हर फोडलं. शिव्या आल्या नाहीत. त्याने लिहिलं की हे जहाज घ्यायला त्याला पाच आठवडे लागले, घरी आजारी असतो, बाहेर पडणं होत नाही, आणि मग एक ओळ: तुम्हाला यातून काय मिळालं? कोणीतरी हेडफोनमध्ये म्हणालं, हा भारी आहे, कॉपी कर. मी कॉपी केलं. मीच चिकटवलं. वर मथळाही मीच दिला. त्या पानावर इतकी वाहवा मला त्याआधी मिळाली नव्हती.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, आणि ती म्हणेल खेळातलं काय एवढं. पण मला वस्ताद आठवत होते, आणि मातीत तोंड घासलेलं ते राधानगरीचं पोर. माझ्या हातून तीच गोष्ट दुसऱ्यांदा झाली होती, आणि या वेळी बाजूला घ्यायला कोणी नव्हतं.

रेषा कुठे आहे हे मला तेव्हा कळलं, आणि अजून माझं तेच मत आहे. जहाज फोडणं ही रेषा नाही. लुटणं, फसवणं, फितुरी करून एखाद्या कॉर्पोरेशनची, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेची, तिजोरी साफ करणं, तेही नाही. ईव्हमध्ये ते नियमात आहे आणि तिथे जाणाऱ्याला ते कळतं. रेषा तिथे आहे जिथे जहाजातून नजर निघून माणसावर जाते. त्याचं नुकसान झालं याची मजा वेगळी, आणि त्याला वाईट वाटतंय ते चाखत बसणं वेगळं. पहिल्यात समोरचा खेळाडू असतो. दुसऱ्यात तो खेळणं होतो.

सीसीपीलाही ही रेषा ओढावी लागली, तीही फार उशिरा. २०१२ च्या मार्चमध्ये रेक्याविकला फॅनफेस्ट या खेळाडूंच्या मेळाव्यात, खेळाडूंनी निवडून दिलेल्या परिषदेच्या अध्यक्षानेच व्यासपीठावरून एका खचलेल्या खेळाडूची थट्टा केली, त्याचं खेळातलं नाव सांगितलं आणि त्याला आणखी छळायला लोकांना चिथावलं. नंतर त्याने जाहीर माफी मागितली, अध्यक्षपद सोडलं, ३० दिवसांची बंदी भोगली. २०१४ मध्ये दुसरं प्रकरण: एका खेळाडूला भुलवून त्याची खेळातली सगळी मालमत्ता काढून घेतली आणि मग ती परत मिळेल या आशेवर व्हॉइस चॅटमध्ये तासन्‌तास गाणी म्हणायला, वाचून दाखवायला लावलं. मालमत्ता काढून घेण्याला कंपनीची हरकत नव्हती, ते नियमात बसत होतं. पुढचं जे होतं त्याला त्यांनी छळ म्हटलं आणि तो चालणार नाही असं जाहीर केलं. नवखे जिथून सुरुवात करतात त्या ताऱ्यांमध्ये त्यांना त्रास द्यायला आधीपासूनच मनाई आहे. म्हणजे जोड हा शब्द त्यांना माहीत नाही, पण अर्थ माहीत आहे.

रिचर्ड बार्टल म्हणून इंग्लंडचे एक गृहस्थ आहेत, १९७८ पासून असे खेळ बनवण्यात होते. त्यांनी १९९६ मध्ये खेळाडूंची विभागणी पत्त्यांच्या रंगांत केली. चौकट म्हणजे कमावणारे, इस्पिक म्हणजे खणून शोधणारे, बदाम म्हणजे माणसांत रमणारे, किलवर म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात घालणारे. चारांचा समतोल राखावा लागतो, किलवर फार वाढले की कमावणारे आणि माणसांत रमणारे निघून जातात. मला हे पटतं, फक्त एक सांगावंसं वाटतं: हातात किलवर आलं म्हणजे माणूस जन्माचा किलवर होत नाही. मी चार महिने होतो. त्याच्या आधी आणि नंतर नव्हतो.

ईव्ह सोडलं आणि २०१७ मध्ये एलिट घेतलं तेव्हा मला फ्युएल रॅट्स भेटले. २०१५ पासून चालू असलेली खेळाडूंचीच टोळी आहे. कुठेतरी अंधारात कोणाचं इंधन संपतं, तो त्यांना हाक मारतो, आणि हे लोक हजार-हजार प्रकाशवर्षं जाऊन त्याला इंधन देतात. मोबदला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की आमच्याकडे इंधन आहे, तुमच्याकडे नाही, आणखी काही विचारायचंय? मी त्यांच्यात शिकाऊ म्हणून गेलो. पहिली गोष्ट शिकवतात ती प्राणवायूची. इंधन पूर्ण संपलं की जहाजातली हवा काही मिनिटांची उरते आणि पडद्यावर उलटी मोजणी सुरू होते. अशा माणसाला आधी सांगायचं, खेळातून मेनूत जाऊन थांब, तिथे घड्याळ चालत नाही. मग दोन-तीन रॅट त्याच्या ताऱ्याकडे निघतात. पोचल्यावर त्याला म्हणायचं, ये आत, आम्हाला टीममध्ये घे, बीकन, म्हणजे तुझी जागा दाखवणारी खूण, लाव. बीकन दिसलं की झेप घ्यायची आणि इंधनाचे लिंपेट सोडायचे. हे सगळं एक-दीड मिनिटाच्या हवेत. मी एकाला पोचलो तेव्हा त्याची चाळीस सेकंदं उरली होती. त्याने नंतर लिहिलं की तो कॅनडात रात्रपाळीचा ट्रक चालवतो आणि त्याचे हात थरथरत होते. माझेही थरथरत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराने शिरोलीपाशी हायवे बुडाला, कित्येक दिवस वाहतूक बंद, तेव्हा मी घरात अडकलेलो, वीज नाही. नंतर लॉगिन केलं तर त्याच ट्रकवाल्याचा निरोप होता. बातमीत कोल्हापूर बघितलं, तू ठीक आहेस ना?

दिवाळीनंतर अभ्या सोलोमध्ये गेला. पुन्हा मायाला जाऊन मेटा-अलॉय आणलं आणि कोणी नसताना फारसीरबाईंना दिलं. मी काही बोललो नाही. ओपन हे काही शौर्याचं प्रमाणपत्र नाही. अधूनमधून फोनवर मी त्याला पळायचं कसं ते सांगत राहिलो: कोणी ओढायला लागलं तर झगडू नको, वेग शून्यावर आण, मग इंजिन लवकर मोकळं होतं, जहाजाच्या ताकदीचे चार पिप, म्हणजे चार भाग, ढालीला, बूस्ट, आणि जवळच्या ताऱ्याची उडी लाव. त्याच ताऱ्यात पळायला बघितलंस तर मोठं जहाज तुला अडवून धरतं, दुसऱ्या ताऱ्याकडे जाताना नाही अडवू शकत. पडायचं कसं, हे आधी.

२०२२ च्या मेमध्ये तो सुट्टीला आला. आता त्याच्याकडे स्वतःचं फेर-डी-लान्स होतं. हिऱ्यांची खाण करून पैसे जमवले होते, चार महिने. मला दाखवलं, काळा रंग, मोठी तोफ. मी कौतुक केलं. रात्री माडीवर बसला, ओपन लावलं आणि डेसिएटला गेला.

मी विचारलं, "काय करतोयस?"

"बघत बसलोय." थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, एक डायमंडबॅक आलंय. एकटंच आहे."

मी काही बोललो नाही. त्याने शस्त्रं निवडली. इंटरडिक्टरवर बोट होतं. मागे वळून न बघताच म्हणाला, "माझी जिरवली की नाही त्यांनी?"

तेव्हा मी त्याला २०१३ चं सांगितलं. सगळं, मथळ्यासकट. रिट्रीव्हरवाल्याने काय लिहिलं तेही जसंच्या तसं. सांगायला फार वेळ लागला नाही, पाच मिनिटं लागली असतील. तेवढ्यात ते डायमंडबॅक तळावर उतरून गेलं होतं.

अभ्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्याचं नाव आठवतंय तुम्हाला?"

"आठवतंय."

ईव्हची किलबोर्ड म्हणून साइट आहे, कोणी कोणाला कधी फोडलं याची नोंद राहते. त्याने ती उघडली आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी नाव टाकलं. त्या माणसाची शेवटची नोंद आमचीच होती. त्यानंतर काही नाही.

अभ्याने तारीख वाचली, मोठ्याने. मग साइट बंद केली, खेळात परत गेला, शस्त्रं आत घेतली आणि म्हणाला, "तुमचे ते इंधनवाले कोण, त्यांच्यात वयाची अट आहे का?"